जुन्या हँडीकॅम टेप संगणकात घेण्यासाठी सोनीचा डिजिटल-८ कॅमेरा: वापरून लिहिलेला अभिप्राय

घरात व्हिडिओ-८ किंवा हाय-८ च्या छोट्या कॅसेट पडून असतील, तर त्या संगणकात घ्यायला सोनीच्या डिजिटल-८ हँडीकॅमइतकं चांगलं यंत्र घरगुती माणसाच्या हाती लागणार नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. हे कॅमेरे १९९९ साली बाजारात आले आणि बंद होऊनही आता बरीच वर्षं झाली. म्हणजे घ्यायचा तो वापरलेलाच. तरीही कोणी विचारलं की मी हाच शोधायला सांगते. नवंकोरं, स्वस्त यूएसबी कॅप्चर यंत्र घेऊ नका, हेही त्याच दमात सांगते.

आमच्या टेप मामाच्या. तो मस्कतला नोकरीला होता, आणि १९९० च्या सुमारास सुट्टीवर येताना सोनीचा व्हिडिओ-८ हँडीकॅम घेऊन आला. पुढची काही वर्षं गुहागर तालुक्यातल्या आमच्या आजोळी जे जे घडलं ते त्याने टिपलं. गौरी-गणपती, शिमग्याची पालखी, जाखडीचा नाच, भातलावणी, एक मुंज, दोन लग्नं. आणि एका टेपवर आजी. पडवीत जात्यावर बसली आहे आणि ओव्या म्हणते आहे. तोवर घरात गिरणीचंच पीठ येत असे, त्यामुळे हे दळण मामाच्या हट्टापायी झालेलं असणार. पण पहिल्या दोन ओव्यांनंतर ती कॅमेरा विसरली आहे हे दिसतं. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्यामुळे त्यांचे शब्द टिकले हे मोठंच काम झालं. माझ्या आजीच्या ओव्या मात्र या एका टेपखेरीज कुठेच नाहीत.

त्यातली एक टेप मी आधी एका स्टुडिओत नेऊन दिली होती. नाव लिहीत नाही, कारण त्यांनी केलं तेच बहुतेक ठिकाणी करतात. परत आली एक एमपी४ फाइल. चित्र चार बाय तीनचं होतं ते ताणून आजच्या टीव्हीच्या आकाराचं केलेलं, त्यामुळे सगळी माणसं आडवी सुटलेली. जाखडीच्या नाचात पाय पुसट, हलताना झटके. आणि अर्ध्या तासानंतर मृदंगावर हात पडायचा आधी, आवाज यायचा मागून. या तिन्ही दोषांची कारणं वेगळी आहेत, आणि ती समजली की हा जुना कॅमेरा का घ्यायचा तेही समजतं.

टेप यंत्रात फिरताना तिचा वेग अगदी एकसारखा कधीच राहत नाही. टेप थोडी ताणलेली असते, यंत्र थोडं झिजलेलं असतं. त्यामुळे चित्राची एक ओळ किंचित लवकर सुरू होते, पुढची किंचित उशिरा. जुना पिक्चर ट्यूबचा टीव्ही हे सहज सांभाळून घ्यायचा. संगणकाला जोडायचं स्वस्त यंत्र तसं सांभाळत नाही. त्याला सिग्नल ओळखता आला नाही की ते ती फ्रेम सोडून देतं, आवाज मात्र चालूच राहतो. अशा फ्रेम गळत गेल्या की दोघांची फारकत होते. यावरचा इलाज म्हणजे टाइम बेस करेक्टर, टीबीसी. तो प्रत्येक ओळ क्षणभर स्वतःजवळ धरतो आणि नेमक्या वेळेला पुढे सोडतो. स्वतंत्र टीबीसी महागडा असतो आणि सहज मिळतही नाही. डिजिटल-८ च्या ज्या मॉडेलमध्ये जुनी ॲनालॉग टेप वाजते, त्यात तो आतच बसवलेला आहे. खांबांच्या कडा, दाराच्या चौकटी ताठ उभ्या राहतात. आजोळच्या पडवीचे खांब मी पहिल्यांदा सरळ पाहिले ते या कॅमेऱ्यातून.

दुसरं म्हणजे या कॅमेऱ्यात चित्र डिजिटल होतं ते आतच, आणि आवाजासकट एकाच प्रवाहात बाहेर पडतं. त्या प्रवाहाचं नाव डीव्ही. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत ७२० बाय ५७६ चं चित्र, सेकंदाला २५ फ्रेम, तासाला साधारण १३ जीबी. आवाज मागेपुढे होण्याचा प्रश्न मिटतो. सगळ्यात चांगलं हवं असलेले जाणकार म्हणतील की डीव्हीमध्येही रंगाची माहिती थोडी कमी होते. ते खरं आहे. पण मुळात व्हिडिओ-८ आणि व्हीएचएस टेपवर रंग इतका ढोबळ नोंदलेला असतो की माझ्या डोळ्यांना त्यात तोटा दिसला नाही.

आता घेताना काय पाहायचं. मॉडेलचा आकडा मी मुद्दाम देत नाही, कारण डीसीआर-टीआरव्ही मालिकेतले बाहेरून जुळे भाऊ वाटणारे कॅमेरे आतून वेगळे आहेत. काहींत जुन्या ॲनालॉग टेप वाजतात, काहींत फक्त डिजिटल-८ च्याच. मॉडेलची माहितीपुस्तिका इंटरनेटवर शोधून त्यात हाय-८ आणि साध्या ८ मिलिमीटर टेप वाजवण्याबद्दल काय लिहिलंय ते वाचा, मगच पैसे द्या. नंबराच्या शेवटी ‘ई’ असेल तर कॅमेरा पालचा. भारतातल्या आणि आखातातल्या टेपना तोच लागतो. विकणाऱ्याला व्हिडिओ कॉलवर एखादी जुनी टेप वाजवून दाखवायला सांगा. नुसता दिवा लागतो, पडदा उजळतो, यावर जाऊ नका. पडद्यावर सी:३१:२२ असा आकडा आला तर टेप ओढून घेणाऱ्या यंत्रणेत बिघाड आहे, असा कॅमेरा सोडून द्या. सी:२२:०० म्हणजे टेप वाचणारे हेड मळले आहेत, ते साफ होतात. चार्जर-अडॅप्टर सोबत असायलाच हवा. बॅटरी मेलेली असली तरी चालेल, कारण हे काम थेट विजेवरच करायचं असतं. मला हा कॅमेरा ठाण्यातल्या एका गृहस्थांकडून आठ हजारांना मिळाला, पेटी आणि पट्ट्यासकट.

खरी अडचण कॅमेऱ्याची नाही, संगणकाची आहे. कॅमेऱ्यातून डीव्ही बाहेर पडतं ते फायरवायर नावाच्या जोडणीच्या चार पिनांच्या छोट्या खाचेतून. सोनी तिला आय-लिंक म्हणते. आजच्या लॅपटॉपला ती खाच नसते. ऑनलाइन दुकानांत एका टोकाला फायरवायर आणि दुसऱ्या टोकाला यूएसबी अशी शंभर-दोनशे रुपयांची वायर मिळते. ती घेऊ नका. दोन्ही पद्धतींची बोलायची रीतच वेगळी आहे, नुसतं टोक बदलून चित्र येत नाही. कॅमेऱ्याला यूएसबीची खाच असली तरी तिच्यातून येणारं चित्र लहान आणि निकृष्ट असतं, तेही उपयोगाचं नाही. डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं पीसीआय एक्सप्रेस कार्ड बसवणं हा खात्रीचा मार्ग. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची चिप असलेलं कार्ड घ्यावं, हा सल्ला मला अनुभवी माणसांनी दिला आणि तो लागू पडला. विंडोजच्या नव्या आवृत्तीत कॅमेरा दिसला नाही, तर मायक्रोसॉफ्टचा जुना ‘लेगसी’ १३९४ ड्रायव्हर (१३९४ म्हणजे फायरवायरच) घालावा लागतो. आमच्या भाच्याने घरातला जुना डेस्कटॉप यासाठीच राखून ठेवला आहे, त्यावर दुसरं काहीच चालत नाही.

सॉफ्टवेअर म्हणाल तर विनडीव्ही. फुकट, इवलंसं, त्यात शोभेचं काहीही नाही. कॅमेऱ्यात टेप सुरू करायची, इथे कॅप्चर दाबायचं. किती फ्रेम गळल्या ते समोर दिसत राहतं. लिनक्स वापरणाऱ्यांसाठी डीव्हीग्रॅब आहे. घाई इथे चालत नाही. ९० मिनिटांची टेप ९० मिनिटंच घेते, आणि एलपी, म्हणजे निम्म्या वेगात भरलेली असेल तर दुप्पट. मी शाळेचे पेपर तपासायला घेऊन बाजूला बसते.

कॅमेऱ्याच्या मेनूत टीबीसी आणि डीएनआर असे दोन पर्याय दिसतील. टीबीसी चालू ठेवा. डीएनआर, म्हणजे चित्रातली खरखर कमी करणारा पर्याय, मी बंद ठेवते. तो हलणाऱ्या हातामागे पुसट सावली सोडतो, आणि एकदा फाइलमध्ये आलेली सावली काढता येत नाही. खरखर नंतर संगणकावर हवी तेवढी कमी करता येते. माझा सगळा भर या एकाच गोष्टीवर आहे: टेपवर जे आहे ते आधी जसंच्या तसं संगणकात येऊ द्या. स्वच्छ करणं, कापणं, सजवणं हे सगळं पुढचं, आणि तेही त्या मूळ फाइलच्या प्रतीवर. टेप अजून किती वेळा वाजेल याचा भरवसा नाही. फाइल मात्र हवी तितक्या वेळा नव्याने घडवता येते.

आवाजाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण या टेपची खरी श्रीमंती तिथे आहे. साध्या व्हीएचएसमध्ये आवाज टेपच्या काठावरच्या अरुंद पट्टीवर नोंदला जातो. ती पट्टी वेगळी असल्यामुळे चित्राला धक्का न लावता तिच्यावर दुसरा आवाज भरता येत असे, आणि लग्नाच्या शूटिंगवाल्यांनी तेच केलं. माझ्या लग्नाच्या व्हीएचएसवर मंगलाष्टकांपासून पाठवणीपर्यंत सिनेमाची गाणी आहेत. वडील विहिणीशी काय बोलत आहेत ते दिसतं, ऐकू येत नाही, आणि आता कधीच येणार नाही. व्हिडिओ-८ मध्ये आवाज चित्राबरोबर, त्याच फिरत्या हेडने नोंदला जातो. घरगुती कॅमेऱ्यात तो बदलायचा तर चित्रच पुसावं लागतं. म्हणून त्याच लग्नाच्या मामाने घेतलेल्या टेपवर सगळं आहे. भटजींचा चढा स्वर, मागे कुणीतरी भांड्यांचा हिशेब विचारणारं, आणि काकूचं ‘गो, पदर सांभाळ’. आजीच्या टेपवर जात्याची घरघर इतकी भरीव आहे की मी पहिल्यांदा हेडफोन लावून ऐकली तेव्हा तशीच बसून राहिले. अशा आवाजावर ऑडॅसिटी या आवाजाच्या सॉफ्टवेअरमधला खरखर काढायचा पर्याय जोराने वापरू नका. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण तेवढी हलक्या हाताने काढा. जातं काढलं तर ओवी पोरकी होईल.

कोकणातल्या लोकांसाठी बुरशीचा वेगळा उल्लेख करायलाच हवा. कॅसेटच्या खिडकीतून गुंडाळीवर पांढरे ठिपके किंवा पांढरट किनार दिसली, तर ती टेप कॅमेऱ्यात घालू नका. बुरशी हेडवर बसते आणि तिथून पुढच्या प्रत्येक टेपला लागते. अशा टेप सफाई करून देणाऱ्या जाणत्या माणसाकडेच द्याव्यात. ज्या टेप निरोगी दिसतात, त्यांची लाल सरकपट्टी आधी सरकवून घ्या, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. मग एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे फिरवून घ्या. वर्षानुवर्षं एकाच जागी आवळून बसलेली टेप त्याने सैल होते. हेड मळले तर ८ मिलिमीटरची सफाई कॅसेट मिळते, ती दहा सेकंदांपेक्षा जास्त चालवू नये. आणि हे काम पावसाळ्यात काढूच नका. जुलैत कॅमेऱ्यावर सी:२१:०० येतं, म्हणजे आत दव धरलंय. कॅसेटचं झाकण उघडून तासभर ठेवलं की जातं, पण आमच्या चिपळुणात तासाभराने पुन्हा येतं. दिवाळीनंतरची कोरडी हवा उत्तम.

पावसाचं निघालं म्हणून सांगते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं, तेव्हा आमच्या ओळखीच्या एका घरातल्या लग्नाच्या आणि बारशाच्या सगळ्या व्हीएचएस चिखलात गेल्या. मामाच्या टेप गावच्या घरी माळ्यावर होत्या म्हणून राहिल्या. तेव्हापासून मी हे काम अंगावर घेतलं. फाइलच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर असतात, आणि त्यातली एक पुण्याला भावाकडे असते. एक टीबीच्या डिस्कमध्ये पंचाहत्तर तासांचं डीव्ही मावतं, म्हणजे बहुतेक घरांचं सगळं आयुष्य.

व्हीएचएससाठी या कॅमेऱ्याला माझे गुण थोडे कमी. ती कॅसेट यात मावत नाही, व्हीसीआर लागतोच. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. त्यामुळे तोही जुना, दुरुस्त केलेला घ्यावा लागतो. व्हीसीआरची पिवळी-पांढरी वायर कॅमेऱ्यात घालायची आणि फायरवायरने पुढे न्यायचं, असा मार्ग आहे. पण काही ‘ई’ मॉडेलमध्ये बाहेरून सिग्नल आत घ्यायची सोयच बंद करून ठेवलेली असते, आणि आतल्या टीबीसीचा फायदा मुख्यतः कॅमेऱ्यात वाजणाऱ्या टेपलाच मिळतो. व्हीएचएसवाल्यांनी मध्ये पॅनासॉनिकचा जुना डीएमआर-ईएस१० किंवा ईएस१५ डीव्हीडी रेकॉर्डर जोडून पाहावा. काही रेकॉर्ड करायचं नाही, सिग्नल त्यातून नुसता पार करायचा. डळमळणारं चित्र तो बराच स्थिर करतो. एव्ही वायरचं एचडीएमआय करणारी डबी मात्र टाळा. ती चित्र फुगवते, आणि आपले सेकंदाचे ५० अर्धे पडदे ६० च्या मापात कोंबायला गेली की हालचाल अडखळते.

हे अर्धे पडदे म्हणजे स्टुडिओच्या फाइलमधल्या झटक्यांचं कारण. पालमध्ये प्रत्येक फ्रेम दोन भागांत येते, आधी एकाआड एक ओळी, मग उरलेल्या. म्हणजे हालचालीची सेकंदाला ५० चित्रं टेपवर असतात. स्टुडिओवाले बऱ्याचदा त्यातली निम्मी टाकून देतात. डीव्ही फाइल संगणकावर पाहताना हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्यासारखे दाते दिसतील, त्याने बिचकू नका, ती फाइल बरोबर आहे. मोबाइलवर पाठवायची प्रत बनवताना हँडब्रेक या सॉफ्टवेअरमध्ये बीडब्ल्यूडिफ हा पर्याय ‘बॉब’ करून लावा, सेकंदाला ५० फ्रेम ठेवा, आकार चार बाय तीनच राहू द्या. जाखडीचे पाय पुन्हा स्पष्ट पडतात. दोन्ही बाजूंना काळी पट्टी राहते, ती राहू दे.

कापाकापीसाठी मी शॉटकट वापरते. फुकट आहे आणि डीव्ही त्याला थेट कळतं. मी फार काही करत नाही. लेन्सचं झाकण लावलेलं असताना चालू राहिलेलं रेकॉर्डिंग काढते, सुरुवातीला प्रसंग आणि साल लिहिते, दिसणाऱ्या माणसांची नावं खाली देते. नावांसाठी मामाला शेजारी बसवून घ्या, आत्ताच. ऐंशी ओलांडलेल्या माझ्या मामाला पालखीतला प्रत्येक माणूस ओळखू येतो. ‘हा सोनारांचा धाकटा, मुंबईला गिरणीत होता,’ असं तो सांगत जातो आणि मी लिहीत जाते. त्याचं हे बोलणं मी मोबाइलवर वेगळं नोंदवलं आहे, तेही त्याच डिस्कवर ठेवलं आहे. चित्राच्या अगदी तळाशी एक फुरफुरणारी रेघ दिसेल. ती हेड बदलण्याची खूण आहे, सगळ्याच टेपना असते.

पुन्हा भरून ठेवायचं तर दोन रस्ते. मामाला डीव्हीडीच हवी होती, कारण ती त्याला एकट्याला लावता येते. पालची डीव्हीडीही ७२० बाय ५७६ चीच, त्यामुळे चित्र लहानमोठं करावं लागत नाही. डीव्हीडीस्टायलर या सॉफ्टवेअरने बनवली, एका तबकडीवर तासाभराचंच ठेवलं म्हणजे दर्जा राहतो. एक गोष्ट जपा: डीव्हीमध्ये अर्ध्या पडद्यांपैकी खालचा आधी येतो, डीव्हीडी बनवताना हा क्रम तसाच सांगायला हवा, उलटा झाला तर माणसं चालताना थरथरतात. दुसरा रस्ता म्हणजे त्याच कॅमेऱ्यात कोरी हाय-८ टेप घालून संपादित डीव्ही पुन्हा टेपवर उतरवणं. फायरवायरने आत घ्यायची सोय असलेल्या मॉडेलमध्ये हे होतं, माझ्यात होतं, आणि त्यात दर्जा उतरत नाही. पण कोऱ्या टेप आता महाग आहेत, आणि वाजवायला पुन्हा असाच कॅमेरा लागणार. मी एकच टेप तशी भरली, आजीची.

न्यू जर्सीच्या मावसबहिणीने तिच्याकडच्या हाय-८ टेप माझ्याकडे पाठवू का म्हणून विचारलं आहे. तिला नको म्हटलं. त्या अमेरिकन एनटीएससी पद्धतीच्या आहेत, सेकंदाला जवळपास ३० फ्रेम आणि ४८० ओळी. माझा पालचा कॅमेरा त्या नीट उतरवणार नाही. तिने तिथेच ‘ई’ नसलेला डिजिटल-८ शोधावा, घेताना वर लिहिलेलं सगळं पाहावं, आणि मला फक्त डीव्ही फाइल पाठवाव्यात. नावं लिहायला मामा इथे आहेच.